सायकल आणि डवरा : वऱ्हाडातील एका तयार यंत्राचे रूपांतर

एखाद्या यंत्राचा इतिहास लिहिताना ते कोणी शोधले, कोणत्या साली प्रथम बाजारात आले आणि कोणत्या कारखान्यांनी काढले, एवढ्या गोष्टींची नोंद झाली म्हणजे काम पुरे झाले, असे सामान्यतः समजले जाते. कारखान्याबाहेर पडल्यानंतर त्याच यंत्रात वापरणाराच्या उंचीला, धंद्याला आणि रस्त्याला अनुसरून जे फेरफार होत जातात, त्यांना 'दुरुस्ती' या एका शब्दात गुंडाळून बाजूस ठेवण्यात येते. सायकलीच्या बाबतीत ही उपेक्षा विशेषच जाणवते. महाराष्ट्रातील, त्यातही वऱ्हाडातील खेड्यांतली सायकल कारखान्यातून निघाली त्या स्थितीत फार दिवस सहसा राहिली नाही. तिची सीट खाली आली, मडगार्ड गेले, कॅरिअर रुंद झाले, दांडीवर मुलाची बैठक चढली. आणि शेवटी तिचे पुढचे चाक मूळ सांगाड्यापासून निराळे होऊन सोयाबीनच्या ओळींतून डवरा म्हणून चालू लागले. या फेरफारांना कागदोपत्री आधार फारच थोडा मिळतो. जो आधार आहे तो मुख्यतः बोलीत आहे. वस्तू आणि तिच्याभोवतीचे शब्द यांचा एकत्र विचार केल्यास या रूपांतराचा क्रम कितपत लावता येतो, हे पाहण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

या विचारास बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम हे गाव सोयीचे आहे. सायकलीच्या इतिहासात त्याला काही विशेष स्थान आहे असे मुळीच नव्हे. त्याचे साधेपणच येथे उपयोगाचे आहे. हिवर या काटेरी झाडाची आठवण देणारी हिवरा नावाची गावे विदर्भात अनेक आहेत. शुकदास महाराजांनी स्थापन केलेल्या विवेकानंद आश्रमामुळे या एका हिवऱ्यास 'आश्रम' हे दुसरे पद जडले आणि आता त्या दोन पदांनीच गाव ओळखले जाते. आश्रमाबरोबर शाळा आणि महाविद्यालये आली, त्यांत कृषी महाविद्यालयही आहे. त्यामुळे भोवतालच्या खेड्यांतून शाळेला येणारी सायकल आणि त्याच खेड्यांच्या शिवारात चालणारा सायकल डवरा ही दोन्ही रूपे येथे एकाच पंचक्रोशीत भेटतात. जमीन पैनगंगेच्या खोऱ्यातील काळी, पावसाळ्यात पायाला व चाकाला सारखीच चिकटणारी. पुढे जे सांगावयाचे आहे त्यात या मातीचा वाटा थोडाथोडका नाही.

आज आपण जिला साधी सायकल म्हणतो तिचा आकार इंग्लंडात ठरला. कॉव्हेंट्री येथील जे. के. स्टार्ली यांची 'रोव्हर' १८८५ साली पुढे आली. तीत दोन्ही चाके जवळपास सारखी असून पायाचा जोर साखळीने मागच्या चाकास पोचविलेला होता. १८८८ साली डनलॉप यांनी हवेचा टायर सिद्ध केला. योगायोगाची गोष्ट अशी की, त्याच १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या प्रयत्नाने बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलीचे दुकान निघाले. लक्ष्मणराव त्या काळी मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. मुंबईस सायकली घ्यावयाच्या आणि बेळगावी बंधूंकडे विक्रीस पाठवावयाच्या, असा हा व्यवहार होता. पुढे ते सायकली सोडून शेतीच्या अवजारांकडे वळले. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र, नंतर १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी, असा तो क्रम आहे. मराठी मुलखात सायकल आणि नांगर यांची भेट अशी एका दुकानात फार लवकर झाली होती. परंतु ती भेट मालकाच्या डोक्यात होती, वस्तूत नव्हे. सायकलीचेच शेतीचे अवजार व्हावयास आणखी सुमारे शंभर वर्षे जावी लागली.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईत वरळी येथे हिंद सायकल्सचा कारखाना उभा राहिला होता. स्वातंत्र्यानंतर आसनसोलजवळ सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूर येथे टी. आय. सायकल्स, १९५१ साली सोनिपत येथे अ‍ॅटलस आणि १९५६ साली लुधियाना येथे हिरो, असे कारखाने निघाले. सायकल देशी झाली, पण तिचा आकार तोच राहिला. २८ इंची चाके, दीड इंची टायर, सळईचे ब्रेक, चामड्याची सीट, सरळ दांडी आणि २२ किंवा २४ इंची चौकट, असे हे सुमारे वीस किलो वजनाचे यंत्र होते. इंग्लंडातील मध्यम उंचीच्या पुरुषाला डांबरी किंवा खडीच्या रस्त्यावरून कामावर जाण्यासाठी जे माप सोयीचे, तेच माप मेहकर तालुक्यातील गाडीवाटेवर आले. मराठीत आजही सायकल 'बावीस इंची' किंवा 'चोवीस इंची' अशी ओळखली जाते, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. माणसाने आपल्या मापाची सायकल मागितलेली नाही. सायकलीने आपले माप माणसाला सांगितले आहे.

खेड्यातील माणसाला ही गोष्ट नवी होती. त्याच्या रोजच्या वापरातील अवजारे तोपर्यंत मापाने होत आली होती. त्रिं. ना. आत्रे यांनी 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात ज्या बलुतेदारीचे वर्णन केले आहे, तीत सुतार आणि लोहार ही कुणब्याच्या शेतीची दोन मुख्य आधारस्थाने होती. तिफणीच्या दात्यांतील अंतर किती ठेवावयाचे, त्या अंतराला जुळेल अशी डवऱ्याची पास किती लांब असावी, रुमणे कोणाच्या हाताला किती उंच यावे, हे सर्व मालक समोर उभा असताना ठरे. अवजार झिजले की तेच सुताराकडे परत जाई व पुन्हा मापास येई. घडविणे आणि दुरुस्त करणे यांत भेद करण्याचे कारणच नव्हते, कारण दोन्ही कामे एकच हात करीत असे. बलुतेदारीत अन्याय किती होता हा विषय स्वतंत्र आहे आणि तो लहान नाही. येथे प्रश्न फक्त मापाचा आहे. कारखान्यातील सायकलीने घडविणारा आणि दुरुस्त करणारा यांची प्रथमच ताटातूट केली. घडविणारा लुधियानाला राहिला. गावात, बाजाराच्या रस्त्यावर, एका पंपासह आणि पाण्याच्या एका घमेल्यासह जो बसला तो सायकल दुरुस्त करणारा. आणि सुताराने मापाचे जे काम पूर्वी केले त्याचा बराचसा भाग नकळत त्याच्याकडे आला.

त्याने व मालकाने मिळून केलेले फेरफार फार मोठे नव्हते. एकेक फेरफार पाहिला तर तो क्षुल्लक वाटतो. सीटची नळी चौकटीत पुरी उतरवली तरी बुटक्या माणसाचे पाय खालच्या टप्प्यात पॅडलवर पोचत नाहीत, मग कंबर दोन्ही बाजूंस हलवीत सायकल चालवावी लागते. त्यावर उपाय म्हणून सीटखालचा भाग बदलणे, पातळ सीट बसविणे किंवा पॅडलला लाकडी ठोकळे बांधणे. चामडी सीट पावसात भिजून ढिली पडते, म्हणून तिच्यावर कापडी गादी बांधणे. लहान मुलाला पुढे बसवावयाचे तर दांडीला टॉवेल गुंडाळणे, आणि रोजचेच झाले तर त्या दांडीवर छोटी बैठक आवळणे. मडगार्डची गोष्ट निराळी आहे. पावसाळ्यात काळी माती टायरला धरून मडगार्डच्या आत जाते आणि दहावीस पावलांत चाक असे घट्ट बसते की सायकल खांद्यावर घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही. कपड्यांवर चिखल उडू नये म्हणून जो भाग बसविला होता तोच चिखलाचे कोठार होतो. अशा वाटेवरच्या माणसाने मडगार्ड काढून घरी ठेवले, तर त्यास सायकलीची हेळसांड म्हणता येणार नाही. साखळीवरील झाकणाचेही बहुधा असेच होते.

ओझे वाहणाऱ्या सायकलींत फेरफार अधिक खोल जातात. दूधवाल्याला दोन्ही बाजूंस कॅन अडकवावयाचे असतात. त्यासाठी कॅरिअर जाड सळईचे करून घेतले जाते, मागच्या आसाजवळून त्यास वेगळे टेके दिले जातात आणि पुढच्या चिमट्याला दोन आधाराच्या सळया जोडल्या जातात. दात्यांचा हिशेबही बदलतो. पुढील चक्रास ४४ दाते आणि मागील फ्रीव्हीलला १८ असतील, तर पॅडलच्या एका पूर्ण फेऱ्यात २८ इंची चाकाची सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते. मागे २० दात्यांचे फ्रीव्हील घातले की हेच अंतर पाच मीटरच्या थोडे आत येते. अर्ध्या मीटरचा हा फरक रिकाम्या सायकलीवर कळत नाही; दुधाच्या दोन भरल्या कॅनांसह चढ चढताना तो गुडघ्यांना कळतो. पुढे कारखान्यांनी दोन दांड्यांच्या व जाड कॅरिअरच्या मजबूत सायकली बाजारात आणल्या, तेव्हा खेड्यातील दुरुस्तीकाराने आधीच केलेल्या कामाला त्यांनी मागाहून संमती दिली, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु अशा संमतीत मूळ कर्त्याचे नाव येत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत मापाचा प्रश्न दांडीचा होता. साडी नेसून सरळ दांडीवरून पाय टाकता येत नाही. दांडी खाली वाकविलेली 'लेडीज' सायकल शहरांत पूर्वीपासून होती. खेड्यातील घरात मात्र एकच सायकल असे व ती पुरुषाच्या मापाची असे. मुलींना शाळेत जाण्यासाठी स्वतंत्र सायकली मोठ्या संख्येने मिळू लागल्या त्या फार अलीकडे. बिहारमध्ये २००६ साली अशी योजना सुरू झाली. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमाखाली माध्यमिक शाळेतील मुलींना सायकली देण्यात आल्या. या सर्व सायकली एकाच आकाराच्या. आठवीतील मुलगी आणि बारावीतील मुलगी यांच्या उंचीतील अंतर कोणत्याही खरेदीपत्रकात बसत नाही, म्हणून ते अंतर पुन्हा गावच्या दुकानातच, पान्याने, भरून काढावे लागते.

आता शब्दांकडे वळू. सायकलीला 'दुचाकी' हा चांगला मराठी शब्द असूनही बोलण्यात 'सायकल'च राहिली, आणि 'दुचाकी' हा शब्द पुढे मोटरसायकलीकडे गेला. भागांची नावे पाहिली तर बहुतेक इंग्रजी आहेत : हँडल, सीट, ब्रेक, रिम, टायर, ट्यूब, कॅरिअर, मडगार्ड, फ्रीव्हील. चाक, दांडी, घंटी, चिमटा, छर्रे हे देशी शब्द त्यांत आहेत, पण ते अल्पसंख्य. शरीराला जो भाग जवळचा त्याचे नाव मराठी झाले असेल, अशी अपेक्षा अभ्यासकाला सहज वाटेल. ती 'सीट' या पहिल्याच शब्दापाशी ढासळते. नामांच्या यादीवरून एवढाच निष्कर्ष निघेल की सायकल बाहेरून आली, तिच्याबरोबर तिची नावेही आली, आणि आपल्या समाजाने दोन्ही जशीच्या तशी स्वीकारली. हा निष्कर्ष चुकीचा आहे, कारण यादी नामांची केली आहे.

क्रियापदे पाहिली म्हणजे चित्र पालटते. सायकलीवर 'टांग मारतात', चाकात 'हवा भरतात', 'पंक्चर काढतात'. यातील शेवटचा प्रयोग पाहावा. इंग्रजीत छिद्र बुजविले जाते. मराठीत ते पायातील काट्यासारखे काढले जाते. चाक वेडेवाकडे फिरू लागले की त्यात 'आऊट' आहे असे म्हणतात आणि दुरुस्त करणारा तारा कमीअधिक आवळून तो 'आऊट काढतो'. इंग्रजीतील क्रियाविशेषण मराठीत नाम झाले आणि त्याला पुन्हा 'काढणे' हेच क्रियापद लागले. पंक्चर, आऊट, काटा ही सारी एकाच जातीची पीडा ठरली. संपूर्ण सायकल उलगडून साफ करण्याच्या कामास इंग्रजीत जो शब्द आहे त्याचे मराठी कारागिराने 'ओव्हरऑइल' केले. कामात तेलाचा संबंध उघड असल्यामुळे ऐकणाराला शब्द स्वच्छ वाटला व तो टिकला. 'पॅडल'चे 'पायडल' होण्यामागे तोच व्यापार आहे; पायाने मारावयाच्या वस्तूत 'पाय' ऐकू येणे स्वाभाविक होते. फ्रीव्हीलच्या आतील दात्यांना अडवून धरणाऱ्या खिटीला कारागीर 'कुत्रा' म्हणतात, आणि कुत्रे झिजले की पायडल नुसतेच फिरते. असे शब्द केवळ अज्ञानातून झालेले अपभ्रंश समजणे हा भाषाशास्त्राचा अपमान आहे. ज्याला वस्तू उघडून पाहावी लागते तोच असे शब्द घडवितो.

चालविणाराने घडविलेल्या शब्दांत 'कैची' आणि 'हाफ पायडल' यांना मान द्यावा लागेल. ज्या मुलाचा पाय दांडीवरून पलीकडे जात नाही तो चौकटीच्या त्रिकोणातून पाय घालून, शरीर एका बाजूस तिरके ठेवून, पायडल पुरते न फिरविता अर्धे वरखाली करीत सायकल चालवितो. येथे सायकलीत कोणताही बदल केलेला नाही. मुलाने आपल्या शरीराची घडी सायकलीच्या मापाला बसविली आहे. म्हणजे यंत्र माणसाच्या मापास आणण्याच्या इतिहासाचा आरंभ माणूस यंत्राच्या मापास येण्यापासून होतो, आणि त्या पहिल्या अवस्थेची नोंद या दोन शब्दांखेरीज दुसरीकडे फारशी सापडणार नाही. 'डबल सीट' याचीही गंमत अशीच आहे. सायकलीला दुसरी सीट नसते. दोघे मिळून 'डबल सीट जातात', तेव्हा ते एका भागाचे नाव राहत नाही; ती जाण्याची एक रीत होते. कारखान्याने दिलेले नाम वापरणाराने क्रियेच्या कामाला लावले आहे.

शब्दांच्या या साक्षीवरून असे दिसते की, सायकलीची नावे कारखान्याकडे राहिली आणि तिच्याशी करावयाचे व्यवहार मराठीने आपल्याकडे घेतले. या पार्श्वभूमीवर 'सायकल डवरा' हा समास विशेष अर्थपूर्ण ठरतो. यात मुख्य पद 'डवरा' आहे. 'सायकल' हे विशेषण झाले आहे. 'सायकलरिक्षा' या शब्दातही सायकल गौणच आहे हे खरे, परंतु तेथे दुसरे पदही बाहेरूनच आलेले आहे. 'सायकल डवरा' यात बाहेरून आलेले यंत्र घरच्या अवजाराचा एक प्रकार म्हणून नोंदले गेले. खानदेशात व पश्चिम महाराष्ट्रात याच वस्तूला 'सायकल कोळपे' म्हणतात, कारण तेथे डवरणीला कोळपणी हा शब्द आहे. वस्तू एक, पहिले पद एक, दुसरे पद मात्र त्या त्या मुलखाचे. नवे यंत्र आले तर त्याबरोबर सर्वत्र एकच नाव फिरते. येथे तसे झाले नाही. त्यावरून लोकांच्या मनात ही वस्तू जुन्या अवजाराच्या वंशातील आहे, हे स्पष्ट होते.

तिच्या उगमाविषयी जी माहिती प्रसिद्ध आहे ती खानदेशातील आहे. जळगाव जिल्ह्यातील शेंदुर्णी येथील शेतकरी गोपाळ मल्हारी भिसे यांनी सायकलीचे पुढचे चाक, चिमटा आणि हँडल घेऊन हाताने ढकलावयाचे कोळपे तयार केले व त्यास 'कृषिराजा' असे नाव दिले. बैल बाळगणे त्यांच्या आटोक्याबाहेरचे होते. सायकलीवर भरलेली पोती लादून ती चढावर ढकलीत नेणारा माणूस पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. २००० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने, म्हणजे प्रा. अनिल गुप्ता यांच्या 'हनी बी' चळवळीतून निघालेल्या संस्थेने, या कामाची दखल घेतली. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या अलीकडे बुलढाणा जिल्ह्यात आणि पुढे विदर्भभर हे अवजार गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांत तयार होऊ लागले; बहुतेक ठिकाणी शेंदुर्णीचे नाव कोणाला ठाऊक नसताना. याला चौर्य म्हणावे काय? पूर्वी तिफणीचा नवा बेत एका गावच्या सुताराकडून दुसऱ्या गावच्या सुताराकडे जात असे, तेव्हा कोणी नाव विचारीत नसे. परंतु तेव्हा दोन्ही सुतार एकाच व्यवस्थेत होते. आता एका बाजूस पेटंटे नोंदविणारे जग आहे आणि दुसऱ्या बाजूस बलुत्याची सवय आहे. भिसे यांचे नाव निदान अभ्यासकांनी तरी घेतले पाहिजे.

अवजाराची रचना अशी असते. सायकलीच्या पुढच्या चिमट्यात चाक तसेच ठेवतात. चिमट्यापासून मागे लोखंडी पट्टी किंवा चौकट काढून तिच्या टोकाला जमिनीत जाणारी पास बसवितात. सायकलीचेच हँडल या चौकटीच्या मागच्या टोकास जोडतात, आणि त्याची उंची ढकलणाराच्या कमरेच्या वर, कोपराच्या थोडी खाली येईल अशी ठेवतात. बैलाच्या डवऱ्याशी भागाभागाने तुलना केली तर रुमण्याच्या जागी हँडल आले, पास आणि तिला धरणारी जानोळी नावारूपाने राहिली, आणि जू, दांडी व बैल या तिघांच्या जागी मिळून एक चाक आले. सायकलीतून सीट, साखळी, पायडल, मागचे चाक आणि ब्रेक, म्हणजे स्वाराशी ज्यांचा संबंध होता ते जवळजवळ सर्व भाग, गळाले.

हे रूपांतर याच काळात का घडले याची कारणे बरीचशी शेतीत सापडतात. विदर्भात १९८० नंतर सोयाबीनचे क्षेत्र वाढत गेले. सोयाबीनच्या दोन ओळींत साधारणतः ४५ सेंटिमीटर अंतर असते, आणि पेरणीही हळूहळू तिफणीकडून ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राकडे गेली. तिफण आणि डवरा यांचे जे जुने माप एकमेकांस बांधलेले होते ते यामुळे सुटले. पीक वाढल्यावर अरुंद ओळींत बैल घातले तर रोपे मोडतात. एक चाक मात्र निमूटपणे जाते. वाटण्या होत जमिनीचे तुकडे लहान झाले व तीनचार एकरांसाठी वर्षभर जोडी पोसणे परवडेनासे झाले. त्याच सुमारास मोटरसायकली आल्या आणि घरोघरी जुन्या सायकली गोठ्याच्या भिंतीला टेकून राहू लागल्या. २०११ च्या जनगणनेत देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल असल्याचे नोंदले आहे. त्यांतील चालत्या किती आणि टेकलेल्या किती, हे जनगणनेने विचारले नाही. कच्चा माल असा दारातच होता. खरे पाहता सायकल डवरा हा नव्या सायकलीचा इतिहास नव्हेच. तो जुन्या सायकलीच्या उत्तरायुष्याचा इतिहास आहे.

एका चाकावर ढकलावयाची खुरपणीयंत्रे जगात नवी नाहीत. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील एस. एल. अ‍ॅलन यांच्या कंपनीची 'प्लॅनेट ज्युनिअर' नावाची हातअवजारे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून प्रसिद्ध होती. तेव्हा 'चाकाचे कोळपे शेंदुर्णीत प्रथम जन्मले' असे विधान कोणी केल्यास ते मान्य होणार नाही. शेंदुर्णीचे वैशिष्ट्य निराळे आहे. तेथे अवजार आयात न होता, गावातील अडगळीतून, कोणत्याही वेल्डिंगवाल्याला जमेल अशा रीतीने आणि ढकलणाराच्या उंचीस अनुसरून उभे राहिले. या दृष्टीने त्याचे जवळचे नाते व्हिएतनामशी आहे. १९५४ च्या दिएन बिएन फूच्या लढ्यात व्हिएतनामी हमालांनी साध्या सायकलींच्या हँडलला व सीटच्या नळीला बांबू बांधून, त्यांच्या आधारे सायकल ढकलीत, दोनशे किलोंहून अधिक ओझे डोंगरवाटांनी नेले. तेथेही स्वार खाली उतरला, सीट निरुपयोगी झाली आणि हँडलची लांबी वाढली. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगानी यांनी बुलेट मोटरसायकलीच्या मागच्या चाकाच्या जागी शेतीची अवजारे जोडली, ते उदाहरण याच वर्गातील पण अधिक खर्चाचे आहे.

अशा सर्व प्रयत्नांना अलीकडे 'जुगाड' हा हिंदीतून आलेला शब्द सरसकट लावण्याची प्रथा पडली आहे. कौतुकाने लावला तरी हा शब्द येथे अयोग्य आहे. जुगाड म्हणजे वेळ मारून नेण्यासाठी केलेली तात्पुरती जोडणी. तीत मापाचा विचार नसतो. सायकल डवऱ्यात पास किती लांब, तिचा जमिनीशी कोन किती, चाक आणि पास यांत अंतर किती, हे सर्व ठरवावे लागते. कोन अधिक झाला तर पास जमिनीत रुतते, कमी झाला तर तण न कापता वरून सरकते. असले निर्णय ज्याने हंगामामागून हंगाम बदलून पाहिले त्याच्या कामास 'बेत' हा जुना मराठी शब्द अधिक शोभतो.

तथापि या अवजाराच्या गुणगानात एक गोष्ट झाकली जाण्याचा संभव आहे. बैलाचा डवरा 'हाकतात' किंवा 'धरतात'. सायकल डवरा 'ढकलतात'. क्रियापद बदलले, कारण जोर देणारा बदलला. बैलजोडीने डवरणी हे पुरुषाचे काम आणि वाकून निंदणे हे स्त्रीचे, अशी वऱ्हाडात जुनी वाटणी होती. सायकल डवऱ्याने ती वाटणी पुसट केली. तो स्त्रियाही चालवितात, आणि निंदणीपेक्षा तो बरा, कारण उभ्याने चालतो. परंतु जमीन भारी असली किंवा पावसानंतर तिला घट्ट पापुद्रा आला असला, तर एका माणसाने तो रेटत नाही. मग चिमट्याला पुढून दोरी बांधतात. एक जण ती खांद्यावर घेऊन ओढतो व दुसरा मागून ढकलतो. पुढे ओढणारा बहुधा घरातलाच असतो, कधी पत्नी, कधी शाळेत जाणारा मुलगा. जू, दांडी आणि बैल यांच्या जागी एक चाक आले असे वर म्हटले. दोरी बांधल्यावर ते विधान दुरुस्त करावे लागते. त्या वेळी मुलाची स्वतःची सायकल, सीट खाली उतरवलेली आणि मडगार्ड काढलेली, बांधावर उभी असते, आणि डवरणी आटोपली की तो तिच्यावर टांग मारून शाळेला जातो.